विश्लेषण : ‘स्वतःची खोली’ नेमकी कोणासाठी? व्हर्जिनिया वुल्फ यांच्याभोवतीचा उच्चभ्रूपणाचा वाद काय आहे?

स्त्रीला लिहायचे असेल तर तिच्याकडे वर्षाला पाचशे पौंड आणि आतून कडी लावता येईल अशी स्वतंत्र खोली हवी, हा विचार ब्रिटिश लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये मांडला. स्त्रीवादी विचारातील तो एक पायाभूत सिद्धान्त ठरला. मात्र ज्या बाईकडे पाचशे पौंड नाहीत तिने काय करायचे, आणि लेखिका खोलीत लिहीत असताना स्वयंपाकघरात कोण राबत होते, हे प्रश्नही तेव्हापासून विचारले जात आहेत. हे प्रश्न विचारणाऱ्यांत पुरुष टीकाकारांपेक्षा लिहिणाऱ्या स्त्रियाच पुढे होत्या. वुल्फ यांचे आयुष्य पाहिले तर हा वाद त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झाला नाही, तो त्यांच्या घरातच होता, हे लक्षात येते.

घर श्रीमंत, मग शाळा का नाही?

व्हर्जिनिया स्टीफन यांचा जन्म २५ जानेवारी १८८२ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन या सधन भागात झाला. वडील लेस्ली स्टीफन हे मोठे समीक्षक. ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे ते पहिले संपादक होते. आई ज्युलिया यांचा जन्म कोलकात्याचा. घर माणसांनी भरलेले होते. तळघरात स्वयंपाकघर आणि पोटमाळ्यावर नोकरांच्या झोपण्याच्या जागा, अशी त्या काळच्या सुखवस्तू घरांची रचना तिथेही होती.

थोबी आणि एड्रियन हे भाऊ शाळेत गेले, पुढे केम्ब्रिज विद्यापीठात गेले. व्हर्जिनिया आणि बहीण व्हेनेसा यांचे शिक्षण प्रामुख्याने घरीच झाले. वडिलांचे ग्रंथालय व्हर्जिनिया यांना पूर्ण मोकळे होते, ही मोठी सवलत होती. १८९७ ते १९०१ या काळात त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या महिला विभागात ग्रीक, लॅटिन, जर्मन आणि इतिहासाचे काही वर्ग केले. जॅनेट केस या शिक्षिकेकडून त्या ग्रीक शिकल्या. तरीही भावांना मिळालेले विद्यापीठ आपल्याला मिळाले नाही, हा सल त्यांच्या मनात कायम राहिला.

या काळात घरात मृत्यू पाठोपाठ आले. १८९५ मध्ये आई, १८९७ मध्ये सावत्र बहीण स्टेला, १९०४ मध्ये वडील आणि १९०६ मध्ये विषमज्वराने भाऊ थोबी. आई गेल्यानंतर व्हर्जिनिया यांना मानसिक आजाराचा पहिला झटका आला. या आजाराने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

पुढच्या वादाचे मूळ या बालपणात आहे. वर्गाच्या शिडीवर त्या बऱ्याच वर होत्या आणि त्याच वर्गात स्त्री म्हणून दाराबाहेर होत्या. त्यांच्या समर्थकांनी दुसऱ्या गोष्टीवर भर दिला, टीकाकारांनी पहिल्या.

कामगारांना शिकवण्याचा अनुभव कसा होता?

वडिलांच्या मृत्यूनंतर स्टीफन भावंडे ब्लूम्सबरी भागात राहायला गेली. तिथे जमलेल्या लेखक, चित्रकार आणि विचारवंतांचा गट पुढे ‘ब्लूम्सबरी ग्रुप’ म्हणून ओळखला गेला. उच्चभ्रूपणाचा शिक्का बसण्यामागे या गटाचा मोठा वाटा आहे.

मात्र याच काळात, म्हणजे १९०५ ते १९०७ या वर्षांत, व्हर्जिनिया आठवड्यातून एकदा दक्षिण लंडनमधील मॉर्ली कॉलेजमध्ये शिकवायला जात. दिवसभर काम करून संध्याकाळी येणाऱ्या कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी ही संस्था होती. त्यांना इतिहास आणि निबंधलेखन शिकवताना एक गोष्ट व्हर्जिनिया यांना खटकली. या विद्यार्थ्यांना इतिहासाचे तुटक तुकडे दिले जात होते. मागचा-पुढचा संदर्भ नसलेल्या व्याख्यानांतून माणूस काय शिकणार, अशी शंका त्यांनी तेव्हा लिहून ठेवली. सामान्य माणसाला कमी आणि सोपे करून देऊ नये, पूर्ण द्यावे, ही त्यांची भूमिका पुढेही कायम राहिली.

१९१० मध्ये त्यांनी मताधिकार चळवळीत काही काळ काम केले. तेही भाषणांचे नव्हे, कार्यालयात बसून पाकिटांवर पत्ते लिहिण्याचे. मोर्चे आणि सभांमध्ये त्या फारशा रमल्या नाहीत.

न्यूकॅसलच्या अधिवेशनात काय घडले?

ऑगस्ट १९१२ मध्ये व्हर्जिनिया यांचा विवाह लेनर्ड वुल्फ यांच्याशी झाला. लेनर्ड हे सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, ब्रिटिश प्रशासनाची नोकरी सोडून आलेले अधिकारी होते आणि सहकार चळवळीशी जोडले जात होते. जून १९१३ मध्ये हे दाम्पत्य ‘विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड’च्या न्यूकॅसल येथील अधिवेशनाला गेले.

१८८३ मध्ये स्थापन झालेली ही संघटना प्रामुख्याने कामगारांच्या बायकांची होती. मार्गारेट लुएलिन डेव्हिस या १८८९ पासून तिच्या सरचिटणीस होत्या. बाळंतपणाचा विमा भत्ता नवऱ्याच्या नव्हे, आईच्या मालकीचा असावा, ही मागणी गिल्डने लावून धरली आणि १९१३ मध्ये ती मान्य झाली. घटस्फोटाचा कायदा, किमान वेतन, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर या बायका व्यासपीठावरून बोलत.

वुल्फ यांनी या दिवसांबद्दल पुढे लिहिले, तेव्हा एक अवघड गोष्ट मान्य केली. या सगळ्या मागण्या मंजूर झाल्या, तरी आपल्या सुखवस्तू आयुष्यात काडीचाही फरक पडणार नाही, असे त्यांना तिथे बसून जाणवत होते. त्यामुळे आपली सहानुभूती वरवरची आहे, कल्पनेने ओढूनताणून आणलेली आहे, असे त्या म्हणाल्या. पाहुणी म्हणून सभेला बसलेल्या बाईची ही अस्वस्थता होती.

तरीही त्यांनी गिल्डकडे पाठ फिरवली नाही. १९१६ पासून सुमारे चार वर्षे गिल्डच्या रिचमंड शाखेच्या बैठका वुल्फ यांच्या घरी होत आणि त्यासाठी वक्ते मिळवण्याचे काम त्या करत.

‘स्वतःची खोली’ आणि मुंबईचा संबंध काय?

१९१७ मध्ये वुल्फ दाम्पत्याने हाताने चालवायचे छोटे छपाईयंत्र विकत घेतले आणि घरातच ‘होगार्थ प्रेस’ सुरू केला. त्यामुळे आपले लेखन कोणा संपादकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही, हे स्वातंत्र्य वुल्फ यांना मिळाले. ‘मिसेस डॅलोवे’, ‘टू द लाइटहाऊस’ या कादंबऱ्या याच प्रेसने काढल्या.

ऑक्टोबर १९२८ मध्ये त्यांनी केम्ब्रिजच्या न्यूनहॅम आणि गर्टन या महिला महाविद्यालयांत व्याख्याने दिली. विषय होता स्त्रिया आणि कथात्म साहित्य. त्या व्याख्यानांतून १९२९ मध्ये ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक आले. किंमत पाच शिलिंग. मुद्दा सरळ होता. स्त्रियांनी मोठे साहित्य का लिहिले नाही, याचे उत्तर त्यांच्या बुद्धीत शोधू नका, त्यांच्या खिशात शोधा. शेक्सपिअरला त्याच्याइतकीच प्रतिभावान बहीण असती तर तिचे काय झाले असते, ही त्यांनी रचलेली कल्पित कहाणी आजही अभ्यासक्रमांत शिकवली जाते.

या पुस्तकातील निवेदिकेला वर्षाला पाचशे पौंड मिळू लागतात ते आत्याच्या मृत्युपत्रातून. ही आत्या मुंबईत घोड्यावरून रपेट करताना पडून मरण पावते. स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा मंजूर झाल्याच्या सुमारासच ही बातमी येते आणि मतापेक्षा पैसा आपल्याला जास्त महत्त्वाचा वाटला, असे निवेदिका सांगते.

ही आत्या काल्पनिक आहे. प्रत्यक्षात वुल्फ यांना १९०९ मध्ये कॅरोलिन एमिलिया स्टीफन या आत्याकडून अडीच हजार पौंड मिळाले होते. पण कल्पित आत्येला मरण्यासाठी वसाहतीतील मुंबई निवडली गेली, ही बाब नंतरच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटली नाही. लंडनमधील स्त्रीच्या लेखनस्वातंत्र्याचा पैसा साम्राज्याच्या वाटेने येतो, हे त्या एका तपशिलातून दिसते.

त्या खोलीची झाडलोट कोण करत होते?

नेली बॉक्सॉल या १९१६ मध्ये वुल्फ यांच्याकडे स्वयंपाकासाठी आल्या आणि १९३४ पर्यंत राहिल्या. ही १८ वर्षे शांततेची नव्हती. काम सोडण्याची धमकी, समेट, पुन्हा भांडण, असे चक्र चालू असे. वुल्फ यांच्या रोजनिशीत नेली यांच्याविषयीच्या बऱ्याच नोंदी आहेत आणि त्यातील काही अत्यंत कडवट आहेत. नोकर, दुकानदार, परके यांच्याविषयी त्यांनी खासगीत लिहिलेले अनेक शेरे आज वाचताना अप्रिय वाटतात.

‘स्वतःची खोली’ मांडणारे पुस्तक आले त्याच सुमारास एका भांडणात नेली यांनी मालकिणीला आपल्या खोलीतून बाहेर जायला सांगितले. हा अपमान वुल्फ यांच्या मनाला लागला. ब्रिटिश अभ्यासक एलिसन लाइट यांनी २००७ मध्ये ‘मिसेस वुल्फ अँड द सर्व्हंट्स’ या पुस्तकात नेली आणि इतर नोकर स्त्रियांची आयुष्ये शोधून मांडली. ज्या स्त्रीला स्वतःच्या खोलीचे मोल जगाला सांगायचे होते, तिला आपल्या स्वयंपाकिणीची खोली समजायला जड गेले, हा त्यातील बोचरा मुद्दा आहे.

दुसरी बाजूही आहे. वुल्फ यांना नोकर ठेवण्याची ही पद्धतच नकोशी होती. पुस्तकांच्या उत्पन्नातून त्यांनी ससेक्समधील आपल्या घरात न्हाणीघर आणि नळाची सोय करून घेतली. १९२९ मध्ये तेलावरचा स्टोव्ह आला, तेव्हा आता आपले आपण शिजवता येईल याचा त्यांना आनंद झाला. मात्र घरकामातून सुटका होण्यासाठी यंत्र, पैसा आणि दुसऱ्या स्त्रीचे हात लागतात, हा हिशेब त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात मांडलेला नाही.

कष्टकरी बायकांच्या पुस्तकाला प्रस्तावना कशी मिळाली?

गिल्डच्या सदस्य स्त्रियांनी आपल्या आयुष्याविषयी लिहिलेली पत्रे आणि आठवणी मार्गारेट लुएलिन डेव्हिस यांनी जमवल्या होत्या. १९३१ मध्ये होगार्थ प्रेसने त्या ‘लाइफ अ‍ॅज वुई हॅव नोन इट’ या नावाने छापल्या. आठव्या वर्षी शाळा सुटून शेतमजुरीला लागलेल्या आणि दिवसाला १४ तास राबलेल्या बाईची आठवण त्यात आहे. या पुस्तकासाठी वुल्फ यांनी डेव्हिस यांना उद्देशून पत्राच्या स्वरूपात प्रास्ताविक लिहिले. न्यूकॅसलच्या अधिवेशनातील आपली अस्वस्थता त्यांनी मांडली ती इथेच.

या प्रास्ताविकाची आधीची आवृत्ती १९३० मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात आली होती. ती वाचल्यावर डेव्हिस आणि गिल्डच्या काही सदस्यांना त्यातील वर्णने रुचली नाहीत. पुस्तकात घेताना वुल्फ यांनी मजकुरात बदल केले. ज्यांच्याविषयी लिहिले त्या बायकांनी लेखिकेला हिशेब मागितला आणि तिला तो द्यावा लागला, म्हणून ही घटना महत्त्वाची.

या लेखनाला साहित्य म्हणावे का, याबाबत वुल्फ यांचे मन द्विधा होते. त्यात अलिप्तता आणि कल्पनेची झेप कमी आहे, असे त्यांना वाटे. त्याच वेळी सुशिक्षितांना न जमणारी ताकद त्यात आहे, हेही त्या मान्य करत. साहित्याची पट्टी कोणी ठरवायची, हा प्रश्न इथे उभा राहतो.

त्यांचे लेखन मुद्दाम अवघड होते का?

‘द वेव्ह्ज’सारखी वुल्फ यांची कादंबरी सरळ गोष्ट सांगत नाही. पात्रांच्या मनात चाललेला प्रवाह वाचकाला पकडावा लागतो. त्यामुळे त्या मूठभरांसाठी लिहितात, असा समज झाला.

मात्र त्यांच्या निबंधांचे स्वरूप वेगळे आहे. १९२५ मध्ये त्यांनी आपल्या निबंधसंग्रहाला ‘द कॉमन रीडर’, म्हणजे सामान्य वाचक, असे नाव दिले. पंडित आणि समीक्षक नसलेला, आवडीने वाचणारा माणूस त्यांना अभिप्रेत होता. १९३८ मध्ये हा संग्रह पेलिकनच्या स्वस्त, कागदी बांधणीच्या मालिकेत आला. १९३७ ची ‘द इयर्स’ ही कादंबरी अमेरिकेत खपाच्या यादीत गेली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र झळकले.

१९३२ मध्ये त्यांनी एका साप्ताहिकासाठी पत्र लिहिले, पण पाठवले नाही. ते मृत्यूनंतर छापले गेले. त्यात त्यांनी स्वतःला बिनदिक्कत उच्चभ्रू म्हणवून घेतले. कष्टकरी वाचकांविषयी आपल्याला आदर आहे, खरा राग आहे तो मधल्या दलालांवर, असा त्याचा आशय होता. सामान्यांना अवघड वाङ्मय झेपणार नाही असे ठरवून त्यांच्या गळ्यात पातळ केलेला माल मारणारे लोक, असा त्यांचा रोख होता. उच्चभ्रू म्हणवून घेण्यातला तोरा त्यात आहेच. पण प्रतिष्ठेचे मानसन्मान त्यांनी नाकारले, हेही खरे. १९३२ मध्ये केम्ब्रिजच्या क्लार्क व्याख्यानांचे निमंत्रण आणि १९३३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाची मानद पदवी, दोन्हींना त्यांनी नकार दिला.

‘थ्री गिनीज’वर एवढी टीका का झाली?

युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर असताना, जून १९३८ मध्ये, ‘थ्री गिनीज’ हे पुस्तक आले. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डॉक्टर, वकील यांची फी आणि देणग्या गिनीत मोजण्याची पद्धत होती, त्यामुळे शीर्षकापासूनच वर्ग स्पष्ट होता. युद्धविरोधी संस्था, महिला महाविद्यालय आणि नोकरी शोधणाऱ्या स्त्रियांना मदत करणारी संस्था, अशा तिघांच्या देणगीच्या विनंतीला उत्तर, अशी पुस्तकाची रचना आहे. घरातील पित्याची हुकूमशाही आणि देशातील हुकूमशाही यांची मुळे एकच आहेत, हे त्याचे प्रतिपादन. स्त्रियांनी पुरुषी मानमरातब आणि युद्धयंत्रणा यांपासून बाहेर राहावे, अशी सूचनाही त्यात आहे.

हे पुस्तक आपण शिकलेल्या पुरुषांच्या मुलींविषयीच लिहीत आहोत, असे वुल्फ यांनी त्यात स्पष्ट केले होते. टीकेला निमित्त मिळाले ते यामुळेच.

सप्टेंबर १९३८ मध्ये ‘स्क्रूटिनी’ या नियतकालिकात क्यू. डी. लीव्हिस यांनी पुस्तकावर जहाल परीक्षण लिहिले. लीव्हिस या उत्तर लंडनमधील एका ज्यू व्यापारी कुटुंबातून शिष्यवृत्तीवर केम्ब्रिजला पोहोचल्या होत्या. मूल, घरकाम आणि संशोधन त्या एकत्र सांभाळत होत्या. पाळणा हलवण्याचा, चुलीपाशी उभे राहण्याचा अनुभव नसलेल्या बाईने समस्त स्त्रियांचे प्रश्न सोडवू नयेत, असा त्यांचा सूर होता. लीव्हिस स्वतः साहित्यिक दर्जाबाबत अतिशय कठोर होत्या आणि लोकप्रिय कादंबऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले होते. म्हणजे त्यांचा आक्षेप भाषा अवघड असण्याला नव्हता, अनुभव एका वर्गापुरता असण्याला होता.

यॉर्कशायरच्या कामगार स्त्रीने काय कळवले?

सर्वात महत्त्वाचा आक्षेप मात्र पत्रातून आला. यॉर्कशायरमधील लोकरी कापडाच्या धंद्यात काम केलेल्या अ‍ॅग्नेस स्मिथ यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये वुल्फ यांना दीर्घ पत्र लिहिले. पुस्तक त्यांनी बारकाईने वाचले होते आणि त्यातील बरेच त्यांना पटले होते. पण शिकलेल्या घरच्या मुली युद्धसाहित्य बनवायला नकार देऊ शकतात, कामगार बाईने काम नाकारले तर ती उपाशी मरेल आणि भुकेपुढे तत्त्वे टिकत नाहीत, असे त्यांनी सुनावले. कष्टकरी स्त्रियांना पुस्तकातून वगळण्याची गरज काय होती, असा त्यांचा सवाल होता.

दोघींमधील पत्रव्यवहार वुल्फ यांच्या मृत्यूपर्यंत चालला. स्मिथ यांनी पुढे लोकर उद्योगाविषयी कामगाराच्या नजरेतून पुस्तिका लिहिली.

या पत्राने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. गिरणी कामगार बाईला वुल्फ यांचे पुस्तक कळले होते. तिची तक्रार भाषा समजत नाही अशी नव्हती. त्या भाषेत आपण कुठेच नाही, अशी होती.

अखेरच्या वर्षांत भूमिका बदलली का?

२७ एप्रिल १९४० रोजी वुल्फ यांनी ब्रायटन येथे कामगार शिक्षण संघटनेपुढे व्याख्यान दिले. ‘द लीनिंग टॉवर’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. इंग्रजी साहित्य बहुतांशी महागड्या शाळांत शिकलेल्यांनी, उंच मनोऱ्यावर बसून लिहिले आणि आता तो मनोरा कलला आहे, अशी मांडणी त्यांनी केली. यावर उपाय म्हणून त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयाकडे बोट दाखवले. साहित्य ही कोणाची खासगी जमीन नाही, वाटाड्याची वाट न पाहता सामान्य वाचकांनी बेधडक आत शिरावे, असे त्यांनी कामगारांना सांगितले. या ‘आपण सगळे बाहेरचे’मध्ये त्यांनी स्वतःलाही धरले.

तेही सर्वांना पटले नाही. खाणकामगार लेखक बी. एल. कूम्ब्स यांनी १९४१ मध्ये मनोऱ्याखालून उत्तर दिले. दिवसभर कोळसा खणून आलेल्या माणसाला लिहायला वेळ आणि त्राण कुठून येणार, हा त्यांचा मुद्दा होता. ग्रंथालयाचे दार उघडे असणे पुरेसे नाही, दारापर्यंत पोहोचण्याइतकी फुरसत हवी.

याच काळात वुल्फ ससेक्समधील रॉडमेल गावच्या महिला मंडळाच्या खजिनदार झाल्या आणि मंडळाच्या नाटकांसाठी मदत करू लागल्या. डोक्यावरून बॉम्बफेकी विमाने जात होती, लंडनमधील घर उद्ध्वस्त झाले होते. मानसिक आजार पुन्हा उफाळून आला आणि २८ मार्च १९४१ रोजी त्यांनी ऊज नदीत जीवन संपवले. तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या.

नंतरच्या स्त्रीवादी लेखिकांनी काय आक्षेप घेतले?

१९७० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमधील स्त्री चळवळीने वुल्फ यांना पुन्हा डोक्यावर घेतले आणि वादही नव्याने पेटला. कवयित्री एड्रियन रिच यांनी १९७१ मध्ये ‘स्वतःची खोली’तील संयमी सुराकडे लक्ष वेधले. पुरुष ऐकत आहेत या जाणिवेने वुल्फ यांनी आपला संताप दाबून ठेवला, असे त्यांना वाटले.

अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७४ मध्ये वर्ण आणि गुलामगिरीचा प्रश्न आणला. फिलिस व्हीटली या आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणून बोस्टनमध्ये विकल्या गेलेल्या मुलीचा कवितासंग्रह १७७३ मध्ये लंडनमध्ये छापला गेला होता. जिचा स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, तिच्या बाबतीत खोली आणि पैशाच्या अटीचे काय करायचे, असे वॉकर यांनी विचारले. काळ्या स्त्रियांची प्रतिभा बागेत, गोधडीत आणि गोष्टींत शोधावी लागेल, असे त्या म्हणाल्या.

ऑड्रे लॉर्ड यांनी १९८० मध्ये हिशेब आणखी बारीक केला. गद्य लिहायला खोलीबरोबर कागदाची रिमे, टंकलेखन यंत्र आणि भरपूर वेळ लागतो. कविता मात्र कामाच्या पाळ्यांमध्ये, प्रवासात, कागदाच्या चिटोऱ्यावर होऊ शकते. म्हणून कवितेला कमी लेखणे हा वर्गाचाच प्रश्न आहे, असे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास ग्लोरिया आन्झाल्दुआ यांनी गोऱ्या नसलेल्या लेखिकांना स्वतःच्या खोलीची वाट न पाहता स्वयंपाकघरात, बसमध्ये, सरकारी मदतीच्या रांगेत, जिथे जमेल तिथे लिहिण्याचे आवाहन केले.

शैलीवरूनही मतभेद झाले. एलेन शोवॉल्टर यांना १९७७ मध्ये वुल्फ यांची शैली निसटती, थेट न भिडणारी वाटली. टोरिल मोई यांनी १९८५ मध्ये त्याला उत्तर देताना, ही निसटती शैली हेच वुल्फ यांचे राजकारण आहे, असे म्हटले.

मग वुल्फ उच्चभ्रू होत्या का?

या शब्दाखाली तीन वेगळे आरोप एकत्र आले आहेत. ते सुटे केले तर उत्तर सोपे होते.

पहिला आरोप भाषेचा. तो फारसा टिकत नाही. त्यांच्या काही कादंबऱ्या अवघड आहेत, पण निबंध कोणालाही वाचता येतील असे आहेत, आणि अ‍ॅग्नेस स्मिथ यांचे पत्र हा त्याचा पुरावा आहे. वाचकाला कमी लेखून सोपे लिहिणे हाही एक प्रकारचा तुच्छभाव असतो, हा वुल्फ यांचा मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे.

दुसरा आरोप अनुभवाचा. तो खरा आहे. त्यांनी आपल्याच वर्गातील स्त्रियांविषयी लिहिले आणि तसे कबूलही केले. कबुलीमुळे मर्यादा प्रामाणिक ठरते, पण ती मर्यादाच राहते.

तिसरा आरोप श्रमाचा. तो सर्वात गंभीर आहे आणि एकट्या वुल्फ यांच्यापुरता नाही. एका स्त्रीला लिहिण्यासाठी मिळालेले तास अनेकदा दुसऱ्या स्त्रीच्या कष्टातून आलेले असतात. नेली बॉक्सॉल, लीव्हिस, स्मिथ आणि लॉर्ड वेगवेगळ्या बाजूंनी हेच सांगत होत्या. पाचशे पौंडांची अट चुकीची नव्हती, ते सर्वांना कसे मिळतील याचे उत्तर अपुरे होते.

गर्टनच्या विद्यार्थिनींसमोर बोलताना वुल्फ यांच्यासमोरच्या सभागृहात त्या बायका नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होते. भांडी घासत आणि मुलांना झोपवत असल्यामुळे आज इथे न आलेल्या स्त्रियांचा उल्लेख ‘अ रूम ऑफ वन्स ओन’च्या अखेरीस आहे, आणि शेक्सपिअरची ती कल्पित बहीण त्यांच्यातही जिवंत आहे, असे पुस्तक म्हणते. रिच यांनी १९७१ मध्ये नेमक्या याच उल्लेखाकडे बोट दाखवले. वॉकर, लॉर्ड आणि आन्झाल्दुआ यांनी पुढे जे लिहिले, ते त्या न आलेल्या बायकांच्या बाजूने.